टी.वाय. राहिलं होतं, आता एचआर सर्टिफिकेट मागतंय

वाचकाचं पत्र, थोडक्यात: भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत डिस्पॅच आणि बिलिंग बघणारे ३६ वर्षांचे वाचक लिहितात. एफ.वाय. आणि एस.वाय. बी.कॉम. पुण्यातल्या एका कॉलेजातून पास झाले, टी.वाय.ला ॲडमिशनही घेतली, पण २०१० च्या सुरुवातीला वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि परीक्षा राहिली. नोकरी धरली ती आजपर्यंत. आता असिस्टंट मॅनेजरची जागा रिकामी होतेय, साहेबांनी यांचं नाव पुढे केलंय, आणि नवीन एचआरने डिग्रीचं सर्टिफिकेट मागितलंय. एक एजंट ६५ हजारांत वर्षभरात डिग्री करून देतो म्हणतोय, तीही जुन्या तारखेची. एका ऑनलाइन कोर्सवाल्यांचे रोज फोन येतात, फी दीड लाख, ईएमआयवर. मुक्त विद्यापीठाचा विचार केला तर मेहुणे म्हणतात त्या डिग्रीला कोण विचारतं. बायको म्हणते एवढे पैसे मुलीच्या नावाने ठेवू. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "ताई, नोकरीला लागताना बायोडेटात मी नुसतं बी.कॉम. लिहिलं होतं. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर पण वडिलांचं शिक्षण तेच लिहितो."

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा शेवटच्या ओळीपासून वर वाचत गेले, कारण मला वाटतं सगळी गोष्ट त्या ओळीत अडकलीये. तुम्ही विचारलंय तीनपैकी कुठला रस्ता धरू, पण फक्त डिग्रीच हवी असती तर एजंटचा विचार तुमच्या मनात आलाच नसता. पंधरा वर्षं बिलं आणि स्टॉक जुळवणाऱ्या माणसाला जुन्या तारखेचा कागद म्हणजे काय हे माझ्यापेक्षा चांगलं कळतं. तो रस्ता बरा वाटतोय तो त्या जुन्या तारखेमुळेच, कारण त्याने बायोडेटातली ओळ खरी होईल असं वाटतंय. ती तशी खरी होत नाही. आज फक्त एक अर्धी माहिती आहे, त्या कागदानंतर बनावट मार्कशीट वापरल्याचा फौजदारी गुन्हा असेल, आणि तो तुमच्या नावावर असेल, एजंट तोवर नंबर बदलून गेलेला असेल. आणि हल्ली कंपन्या व्हेरिफिकेशनला देतात तेव्हा सीट नंबर थेट विद्यापीठाकडे जातो. पंधरा वर्षांची नोकरी आणि साहेबांनी टाकलेला शब्द, दोन्ही त्या एका कागदावर लावायचं का? माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. दुसऱ्या कुठल्याही मुद्द्यावर मी दोन्ही बाजू बघायला तयार आहे, यावर नाही.

बरं, मग त्या ओळीचं काय करायचं. आधी जॉइनिंगच्या वेळचा फॉर्म आठवून बघा, त्यात तुम्ही सही करून काय लिहिलंय, पदवी पूर्ण असं की नुसता कोर्स. मग एचआरने दुसऱ्यांदा विचारायच्या आत तुमच्या साहेबांशी एकट्यात बोला, ज्यांनी नाव सुचवलं त्यांना ही गोष्ट दुसऱ्याकडून कळू नये. वाक्य फार मोठं नको. "सर, माझं टी.वाय. पूर्ण नाही झालं, वडील आजारी पडले तेव्हा राहिलं, बायोडेटात मी ते नीट लिहायला हवं होतं, आता ॲडमिशन घेतोय, पावती आणून देतो." एवढंच. यात धोका नाही असं मी म्हणणार नाही, प्रमोशन या वेळी हुकू शकतं, एखादा एचआर कडक निघतो आणि लेखी खुलासा मागतो. पण चांगल्या कामाच्या माणसाने स्वतःहून सांगणं आणि व्हेरिफिकेशनमध्ये सापडणं यात फार फरक पडतो. आणि त्याच बोलण्यात एक प्रश्न विचारून घ्या जो तुम्ही अजून विचारलेलाच दिसत नाही, की ही डिग्रीची अट लेखी नियमात आहे का, आणि असेल तर शिकत असल्याचं बोनाफाईड चालतं का. कधीकधी ती फक्त एका फॉर्ममधली रिकामी चौकट असते आणि "अपिअरिंग" लिहिलं की गाडी पुढे जाते. कधी खरोखर नियम असतो. तुमच्या कंपनीत यातलं काय आहे ते कळल्याशिवाय तुम्ही ६५ हजार, दीड लाख असे आकडे घेऊन बसलाय.

आता दुसरी गोष्ट. पत्रात तुम्ही लिहिलंय "माझी ती तीन वर्षं वाया गेली". दोन वर्षं तुम्ही पास झालाय! ती कुठल्याही एजंटने दिलेली नाहीत, तुमची आहेत, आणि त्यांची आज किती किंमत येते हे बघायच्या आधी कुणालाही एक रुपया देऊ नका. घरातली ट्रंक उघडा, एफ.वाय. एस.वाय.च्या मार्कशीट, टी.वाय.ची फी पावती, हॉल तिकीट आलं असेल तर ते, आणि पीआरएन नंबर, म्हणजे विद्यापीठाचा तुमचा कायम नोंदणी क्रमांक, शोधा. मार्कशीटवर "पुणे विद्यापीठ" असेल, नाव २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, त्याने तुमच्या मार्कांना काही होत नाही. मार्कशीट हरवली असेल तर डुप्लिकेट मिळते, अर्ज आणि फी लागते, वेळ जातो, म्हणून ते आधी सुरू करा.

मग एक दिवस सुट्टी टाकून कॉलेजात जा. फोनवर नको, फोनवर "जुनं आहे, होणार नाही" एवढंच ऐकायला मिळतं आणि लोक तिथेच सोडून देतात. ऑफिसातल्या ज्या बाई किंवा भाऊसाहेब परीक्षा विभाग बघतात त्यांना थेट विचारायचं, जुन्या पॅटर्नच्या विद्यार्थ्याला टी.वाय.ला पुनर्प्रवेश मिळतो का, मिळाला तर नवीन अभ्यासक्रमातले खालच्या वर्षाचे किती विषय जास्तीचे द्यावे लागतील. तुमच्या वेळी वार्षिक परीक्षा होती, आता सेमिस्टर आहे, त्यामुळे समकक्ष विषयांचा प्रश्न येणारच. कॉलेजने नाही म्हटलं तर विद्यापीठाच्या पात्रता विभागात हाच प्रश्न लेखी अर्जाने विचारा आणि अर्जाच्या प्रतीवर पोचचा शिक्का घ्या. विद्यापीठं मधूनमधून जुन्या, राहिलेल्या विद्यार्थ्यांसाठी खास परीक्षेची संधी जाहीर करतात, तशी काही चालू आहे का तेही तिथेच कळेल. पुनर्प्रवेश मिळाला तर हजेरीचा मुद्दा उरतो, पण बरीच कॉमर्स कॉलेजं सकाळी सात ते अकराच्या आसपास भरतात, तुमची शिफ्ट दुपारची करून मिळाली तर जमू शकतं, नाही तर अवघड आहे.

हा दरवाजा बंद निघाला तर त्याच दोन मार्कशीट घेऊन दूरशिक्षणाकडे जायचं आणि तिथेही पहिला प्रश्न हाच, आधीच्या वर्षांची सूट मिळून थेट वरच्या वर्षाला प्रवेश मिळेल का. प्रत्येक विद्यापीठाचा नियम वेगळा असतो आणि तो बदलतो, म्हणून तोंडी "हो हो होईल" वर विसंबू नका, ईमेलवर उत्तर घ्या. दुसऱ्या विद्यापीठात जाताना मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र मागू शकतात.

या एका प्रश्नावर मी एवढी का अडून बसलेय ते आकड्यात सांगते. तीन वर्षांच्या डिग्रीला आता किमान १२० क्रेडिट लागतात, आणि इग्नूसारखं (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) विद्यापीठ एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचा ३० तासांचा अभ्यास असं धरतं, म्हणजे कागदावर ३६०० तास झाले. ते तीन वर्षांत करायचे तर आठवड्याला २३ तास होतात, नोकरी करून घरचं बघून हे कुणाला जमेल असं मला वाटत नाही. सहा वर्षांत पसरले तर आठवड्याला साडेअकरा तास, म्हणजे रोज एक तास आणि रविवारी साडेपाच. आणि जर तुमची दोन वर्षं धरली गेली आणि एकच वर्ष उरलं, तर साधारण १२०० तास, तेच साडेअकरा तासांनी दोन वर्षांत पूर्ण होतात. म्हणजे ट्रंकेतल्या त्या दोन कागदांची किंमत तुमच्या आयुष्याची चार वर्षं असू शकते. तुम्ही रोज अकाउंट्समध्येच असता त्यामुळे काही विषयांना तुम्हाला याच्या निम्मे तासही लागणार नाहीत, तो तुमचा फायदा, पण हिशोब पूर्ण धरूनच करा.

आता मेहुण्यांचं म्हणणं. ते सगळं चूक नाही. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, वकिली असल्या गोष्टी दूरशिक्षणाने होत नाहीत, आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने परवानगीशिवाय दूरस्थ पद्धतीने दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांवर कडक निकाल दिला, त्यानंतर लोकांच्या डोक्यात "डिस्टन्स म्हणजे बोगस" असं बसलं. पण बी.ए., बी.कॉम.ची गोष्ट वेगळी आहे. मान्यता असलेल्या विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या कॉलेजच्या पदवीच्या बरोबरीची धरायची हे यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२० च्या नियमावलीत घातलंय आणि सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा जाहीर सांगितलंय. एमपीएससी, यूपीएससीचे फॉर्म लोक याच पदवीवर भरतात. एखाद्या खासगी कंपनीतला माणूस नाक मुरडू शकतो, ते मी नाकारत नाही, पण तुमच्याच कंपनीत तुमचं काम पंधरा वर्षं बघितलेल्या लोकांना फक्त अट पूर्ण झालेली हवी आहे.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली राज्याच्या कायद्याने उभं राहिलं. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले, ते पुणे विद्यापीठाचेही कुलगुरू होते आणि पुढे इग्नूचेही झाले, म्हणजे ज्या विद्यापीठाच्या मार्कशीट तुमच्याकडे आहेत तिथलाच माणूस. ते विद्यापीठ काढलंच होतं तुमच्यासारख्यांसाठी. मी काही वर्षं रविवारी एका अभ्यासकेंद्रावर समंत्रक म्हणून, म्हणजे विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करायला, जायचे. संपर्कसत्राला अंगणवाडी सेविका यायच्या, पोलीस शिपाई यायचे, एक एसटी कंडक्टर होते ते मुद्दाम वस्तीच्या गाडीची ड्युटी मागून घ्यायचे. वस्तीची गाडी कुणाला नको असते, रात्र परगावी काढायची, सकाळी पाचला परत निघायचं. ते म्हणायचे मॅडम, घरी चार माणसं हाका मारतात, तिथे गाडी लावली की मला कोणी विचारत नाही, मी डेपोत परत येईपर्यंत एक धडा झालेला असतो. त्यांना पाच वर्षं लागली. दोनदा इंग्रजी राहिलं. मी आजही कुणी "वेळच मिळत नाही" म्हटलं की त्यांना हेच विचारते, तुमच्या दिवसात वस्तीची गाडी कुठे आहे ते शोधलं का.

मुक्त विद्यापीठाचं मोठं बळ म्हणजे मराठीतून पुस्तकं आणि मराठीतून पेपर, आणि अभ्यासकेंद्र तालुक्याच्या गावापर्यंत असतं. इग्नूचं साहित्य मुख्यतः हिंदी-इंग्रजीत आहे पण चांगलं आहे, प्रवेश जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा होतो, परीक्षा जून आणि डिसेंबरला, आणि तीन वर्षांची डिग्री जास्तीत जास्त सहा वर्षांत पूर्ण करता येते. तिथे असाइनमेंट वेळेत दिली नाही तर विषय पूर्ण होत नाही, लोक परीक्षेचा अभ्यास करतात आणि असाइनमेंटला अडकतात, हे लक्षात ठेवा. महाराष्ट्राबाहेर सुरतला, इंदूरला, बेळगावला असलेल्या वाचकांसाठी इग्नू सोयीचं, कारण राज्याच्या मुक्त विद्यापीठाचं दूरशिक्षण त्या राज्यापुरतं असतं. मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण १९७१ पासून आहे, ज्याला सगळे आयडॉल म्हणायचे, आता नाव बदललंय. तुमच्या स्वतःच्या पुणे विद्यापीठातही हा विभाग आहे आणि जुनी वर्षं धरून घेण्यासाठी तिथे सगळ्यात आधी विचारावं असं मला वाटतं.

पैशाचं बोलू. दीड लाखाचा कोर्स, समजा १२ टक्क्यांनी तीन वर्षांचं कर्ज, महिन्याला जवळपास पाच हजारांचा हप्ता, एकूण सुमारे एक लाख ऐंशी हजार. इग्नूच्या साध्या बी.ए., बी.कॉम.ची फी वर्षाला साधारण चार-पाच हजारांच्या घरात असते, वर परीक्षेचे प्रत्येक विषयाला दोनेकशे रुपये. मुक्त विद्यापीठातही गोष्ट काही हजारांचीच. म्हणजे जेवढा तिकडे महिन्याचा हप्ता तेवढ्यात इकडे वर्ष निघतं. तो ऑनलाइन कोर्स मान्यता असलेल्या विद्यापीठाचा असेल तर डिग्री खरीच आहे, मी त्याला वाईट म्हणत नाही, व्हिडिओ लेक्चर असतात, कोणीतरी फोन करून आठवण करतं, काहींना त्याची गरज असते. पण कर्ज फायनान्स कंपनीकडून तुमच्या नावावर निघतं, सहा महिन्यांनी अभ्यास सुटला तरी हप्ता सुटत नाही. फोनवरचा माणूस "आजच सीट बुक करा" म्हणेल, त्याला सांगा बायकोशी बोलून सांगतो, आणि खरंच बोला.

कारण वहिनींचं म्हणणं मला पटलंय, त्या दीड लाखाला नाही म्हणतायत, तुमच्या शिक्षणाला नाही. त्यांच्यापुढे खरा आकडा ठेवून बघा. पैशापेक्षा तुम्हाला त्यांच्याकडून तास मागायचे आहेत आणि ते जास्त महाग आहेत, रविवारची सकाळ तुम्ही पुस्तकात असाल तेव्हा बाजार, पाहुणे, मुलीचा प्रोजेक्ट हे कोण बघणार. हे गृहीत धरू नका, बसून ठरवा, बदल्यात तुम्ही काय उचलणार तेही ठरवा, शनिवारचा स्वयंपाक घ्या, मुलीला क्लासला सोडणं घ्या.

कुठेही फी भरण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोच्या (डीईबी) वेबसाइटवर तीन गोष्टी बघायच्या, हे सगळ्याच वाचकांसाठी सांगते. विद्यापीठाला मान्यता आहे का, तुमच्या कोर्सला आहे का, आणि तुम्ही घेताय त्याच सत्राला आहे का, कारण मान्यता या तिन्हींची असते आणि जाहिरातीत फक्त पहिलीच सांगतात. यूजीसी बोगस विद्यापीठांची यादीही लावते, त्यात अनेक वर्षं नागपूरचंही एक नाव होतं, तेव्हा हे फक्त दिल्लीकडचं प्रकरण आहे असं समजू नका. २०२४ पासून दूरस्थ प्रवेशाला डीईबी आयडी लागतो, तो तुम्ही स्वतः तुमच्या मोबाइलवरून काढायचा, त्याआधी डिजिलॉकरवरून एबीसी आयडी, म्हणजे मिळवलेली क्रेडिट जिथे जमा राहतात त्या क्रेडिट बँकेतल्या तुमच्या खात्याचा नंबर. कोणी "आम्ही काढून देतो" म्हणून ओटीपी मागितला तर देऊ नका. फी विद्यापीठाच्याच पोर्टलवर भरायची, कुणाच्या खाजगी यूपीआयवर नाही. चार वर्षांच्या ऑनर्सचं कोणी सुचवेल, तुम्हाला ते नको, तीन वर्षांवर पदवी मिळते.

आमच्या बहिणींसाठी एक वेगळं, कारण मला त्यांचीही अशीच पत्रं येतात. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि ॲडमिशनला सगळं अडतं. शक्यतो शिक्षणाची कागदपत्रं जुन्याच नावाने पुढे चालवा आणि सोबत विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र लावा, नाव बदललंच असेल तर गॅझेटची प्रत. हे प्रवेश सुरू व्हायच्या महिनाभर आधी करा. आणि ज्यांचं कॉलेज अलीकडे, दोन-तीन वर्षांपूर्वी सुटलंय त्यांनी फार थांबू नका, क्रेडिट बँकेतली क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं धरली जातात.

मुलीच्या शाळेच्या फॉर्मचं राहिलं. पुढच्या वर्षी फॉर्म येईल तेव्हा "बी.कॉम., शिकत आहे" असं लिहा, आणि तिने विचारलं तर आजोबा आजारी होते तेव्हा काय झालं ते सांगा. तिला तुमची लाज वाटेल असं तुम्ही धरून चाललाय, मला तसं वाटत नाही, जेवणाच्या टेबलावर दोघं शेजारी बसून अभ्यास करताय हे तिला आवडेल असंच वाटतं.

येत्या आठवड्यात एवढंच करा: साहेबांशी बोलणं, ट्रंक उघडणं, आणि एक सुट्टी टाकून कॉलेज. एजंटचा फोन आला तर नाही सांगून नंबर ब्लॉक करा. कॉलेजात काय सांगितलं ते मला लिहा, सोबत एस.वाय.च्या मार्कशीटवरचे विषय पण लिहून पाठवा, म्हणजे टी.वाय.चे कुठले पेपर आधी घ्यायचे ते आपण मिळून बघू.